द्राक्षाची काकवी

"तुमी म्हणताय न्हवं? मग झालं."

एवढं बोलून मिस्त्री लेथ सुरू करायचे. मी व्हर्नियर उजेडाकडं धरून माप वाचायचं, ते मोठ्यानं सांगायचं, आणि त्यांनी त्या मापावर बिनधास्त लोखंड कापायला घ्यायचं. पुन्हा मोजून बघणं नाही, शंका नाही. जवळचं त्यांना नीट दिसत नव्हतं. चष्मा करून घ्या म्हटलं की म्हणायचे, "कशाला? तुमचं डोळं हायेत की." मग चिंधी घेऊन करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट पुसायचे, जणू जेवायला बसायचंय, आणि कामाला लागायचे.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण सांगितलेलं तो इतक्या सहज खरं धरतो की आपल्यालाच जरा सावध व्हायला होतं. मी मात्र सावध झालो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं वर्कशॉप सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. बेदाण्याचे देठ काढणं, धुणं, आकाराप्रमाणे निवडणं, या कामाची यंत्रं आम्ही बनवतो. मी मूळचा रहिमतपूरचा, डिप्लोमा करून इथं चिकटलो तो चिकटलोच. मिस्त्री माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. वारणेच्या बाजूच्या एका गावातलं जैन शेतकरी घर, थोडा ऊस, एकरभर द्राक्षबाग. बाग भाऊ बघायचा, हे रोज सकाळी मोटरसायकलवरून वर्कशॉपला यायचे. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'मिस्त्री'च म्हणत. मीही इथं नाव लिहीत नाही. घरची माणसं आहेत, गाव लहान आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी क्रीट नावाच्या बेटावरच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं आमचं यंत्र घेतलं. ग्रीसच्या खाली, भूमध्य समुद्रात आहे हे बेट. यंत्र जोडून, चालू करून द्यायला दोघांनी बारा दिवस जायचं ठरलं. इंजिनिअर म्हणून मी, फिटर म्हणून मिस्त्री. मालकांनी सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी दोनच गोष्टी विचारल्या.

"पर्युषणाच्या आत परत येऊ न्हवं?"

"येऊ."

"आणि तितं दिस कवा बुडतू?"

सूर्य मावळल्यावर ते तोंडात काही घालत नसत. कांदा, लसूण, बटाटा नाही, अंडं तर नाहीच. मी मोबाइलवर बघून सांगितलं, तिकडं ऑगस्टात आठच्या सुमाराला मावळतो. त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे आपल्यापरीस तासभर जास्तीचा! लय चांगला मुलूख दिसतूय."

त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त होते. दशम्या, बिनलसणाचं भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खारीक. विमानतळावरच्या बाईनं मेतकुटाची पिशवी उघडून नाकाजवळ नेली आणि तीन वेळा शिंकली. मिस्त्री मला म्हणाले, "तिला म्हणावं भातावर तूप घालून खा. नुसतं हुंगून काय कळणार?"

बेटावर उतरल्यावर मी डोंगर बघत होतो, समुद्र बघत होतो. मिस्त्री वेली बघत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षं, आणि मोकळ्या जागेत कापड अंथरून वाळत घातलेले घड. त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, एक मणी दोन बोटांत दाबला, वास घेतला. "तेलाच्या पाण्यात बुडवून काढलंय, डिपिंग. आपल्यासारखंच. पर रॅक कुठं हायेत वो? जमिनीवर वाळवत्यात? एक पाऊस आला तर समदं गेलं की." व्यापाऱ्याचा मुलगा गाडी चालवत होता, त्याला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. मी त्याला मिस्त्रींचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, इथं ऑगस्टात पाऊस येत नाही. मिस्त्रींना ते काही पटलं नाही. बारा दिवस ते रोज सकाळी आभाळाकडं बघून त्या परक्या बेदाण्याची काळजी करत होते.

व्यापाऱ्याचे वडील ऐंशीच्या घरातले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे, आतला आवाज ऐकायचे. पहिल्या दिवशी म्हातारबाबांनी ते पाहिलं आणि उठून आले. त्यांनीही कान लावला. दोघं एकमेकांकडं बघून माना हलवू लागले. काय ऐकू आलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून ते दोघं एकत्र. हा मराठीत बोलायचा, तो ग्रीकमध्ये. मी मधे पडलो तर दोघांनाही अडचण व्हायची.

जेवणाचं मात्र रोजचं रामायण. तिकडं रात्रीचं जेवण साडेनवाला, दहाला. सगळं कुटुंब अंगणात मोठ्या टेबलाभोवती बसणार, हसणार, एकमेकांच्या ताटात वाढणार. पहिल्या रात्री मिस्त्री त्या टेबलाशी हात जोडून, पाणीही न पिता बसून राहिले. घरच्या बाईला वाटलं तिचा स्वयंपाक आवडला नाही. मी मुलाला समजावलं, मुलानं आईला समजावलं, आईनं शेजारणीला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री संध्याकाळी साडेसहालाच गोदामाच्या मागच्या बांधावर बसून जेवू लागले. पाव, टोमॅटो, काकडी, द्राक्षं, आपली शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या दिवशी म्हातारबाबा काठी टेकत तिथं आले, खिशातून सुरी काढली, कलिंगड कापलं आणि शेजारी बसले. मग रोजच. घरचे त्यांना चिडवायचे, म्हातारा भारतीय झाला म्हणून.

मीही जाऊन बसायचो. आज त्या बेटाचं मला काय आठवतं म्हणाल, तर ती वेळ. समोर उतारावरच्या वेली, पलीकडं समुद्राची एक निळी पट्टी, ऊन कलतं झालेलं. एकदा म्हातारबाबांच्या सुनेनं उकडलेला पाला आणून दिला, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मिस्त्रींनी एक घास घेतला आणि डोळे मोठे केले. "साहेब, ही तांदुळजाची भाजी हाय!" खरंच तांदुळजाच होता. "एवढ्या लांब येऊन तांदुळजा? बाई फोडणी विसरली तेवढी." ऑलिव्ह तोंडात टाकला तेव्हा मात्र तोंड वाकडं झालं. "करवंदाच्या लोणच्यात मिठाची गोणीच पालथी झालीया." म्हातारबाबा त्यांचा चेहरा बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मिस्त्रींनीच त्यांची पाठ चोळली.

एका दुपारी म्हातारबाबांनी आम्हांला घरामागं नेलं. तिथं मोठ्या कढईत द्राक्षाचा रस आटत होता. मिस्त्री तिथून हलेनात. वर आलेली मळी ते म्हातारबाबांच्या आधी काढू लागले. मिस्त्रींच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं, लहानपण काहिलीशेजारी गेलं होतं. उलथन्यावरून पडणारी धार बघून त्यांनी हात वर केला, आता जाळ काढा. म्हातारबाबांचाही हात त्याच वेळी वर गेला. दाट, काळसर, गोड रस तयार झाला. "काकवीच की ही," मिस्त्री म्हणाले. "उसाच्या जागी द्राक्ष. बाकी समदं आपलंच."

नवव्या दिवशी यंत्र सुरळीत चाललं आणि दहावा दिवस सुट्टीचा मिळाला. व्यापाऱ्याच्या मुलानं आम्हांला गाडीतून बेट दाखवायला नेलं.

जुनं बंदर पाहिलं. बंदराच्या तोंडाशी दगडी दीपस्तंभ, काठानं रंग उडालेली उंच घरं, मासे विकणाऱ्यांचा आरडाओरडा. मिस्त्री मासळीच्या बाजूनं नाकाला रुमाल लावून चालले, पण मच्छीमाराचा जाळं दुरुस्त करणारा हात दिसल्यावर थांबून पाच मिनिटं बघत राहिले. किल्ल्याच्या तटावर गेलो. मी म्हटलं, "आमच्या साताऱ्याचा अजिंक्यतारा यापेक्षा उंच आहे." ते म्हणाले, "असूं दे. त्याच्या पायाशी एवढं पाणी न्हाई." तटावर बसून त्यांनी खूप वेळ समुद्र बघितला. त्यांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही शाळेच्या सहलीत. "कृष्णेला पूर आला तरी पलीकडचा काठ दिसतूय," एवढंच म्हणाले.

वाटेत टेकडीवर एक मठ लागला. मिस्त्रींनी दारातच बूट काढले. आतल्या दाढीवाल्या साधूनं खुणेनं सांगितलं, राहू द्या. यांनी खुणेनंच सांगितलं, नाही. अनवाणी आत गेले, हात जोडून उभे राहिले. बाहेर आले तर त्या साधूनं त्यांचे बूट उन्हातून उचलून सावलीत ठेवले होते. मिस्त्रींना ते फार लागलं. गाडीत बसल्यावर दोनदा म्हणाले, "साधू माणसानं माझ्या पायताणाला हात लावला वो."

तिथून आम्ही डोंगरातल्या एका खेड्यात गेलो, म्हातारबाबांच्या बहिणीकडं. वेळ दुपारची चारची. आता मला जे सांगायचं आहे ते इथलं आहे.

मावशी काळे कपडे घातलेल्या, ठेंगण्या, गालावर सुरकुत्यांचं जाळं. भावानं फोनवर पढवून ठेवलं असणार, कारण टेबलावर कुठं अंडं नव्हतं की मांस. फळं, पाव, तांदुळजा, आणि शेवटी तिनं परात आणली. पातळ पिठाची पट्टी गोल गुंडाळून तळलेली, वर अक्रोड, तीळ, आणि त्यावर दाट, तांबूस पाक ओतलेला. मिस्त्री जवळजवळ ओरडलेच, "हा तर चिरोटा!"

हात पुढं गेला आणि थांबला. माझ्याकडं वळून म्हणाले, "साहेब, वरनं काय घातलंय तेवढं विचारा."

मी मुलाच्या कानाशी लागून विचारलं. त्यानं मागच्या खिडकीकडं बोट केलं. घरामागच्या उतारावर निळ्या पेट्या ओळीनं ठेवल्या होत्या. मध होता. मावशीच्या स्वतःच्या पेट्यांतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मद्य, मांस आणि मध या तीन गोष्टी मिस्त्रींच्या घरात एकाच रांगेतल्या. हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मी का खोटं बोललो याची कारणं मी पुष्कळ वर्षं वेगवेगळी सांगितली आहेत, स्वतःलाच. व्यापारी आणखी चार यंत्रं घ्यायची की नाही ते ठरवत होता आणि त्या घरात मावशीच्या शब्दाला वजन होतं, हे एक कारण. मावशी परात धरून उभी होती, हे दुसरं. पण खरं कारण याहून लहान आहे. मला कंटाळा आला होता. दहा दिवस प्रत्येक ताटापुढं तेच समजावून सांगण्याचा कंटाळा, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही. शहाण्यासुरत्या माणसांपुढं आपला माणूस सारखा 'हे नको, ते नको' करतो याची लाज.

मी म्हणालो, "द्राक्षाची काकवी आहे. परवा बघितली ना, तीच."

"तुमी म्हणताय न्हवं? मग झालं."

त्यांनी एक खाल्ला. डोळे मिटले. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. बोटं चाटली. मावशीनं दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले आणि काहीतरी बोलली. मीही खाल्ला. रानातल्या कुठल्याशा झुडपाचा वास त्या मधाला होता, तोंडात खूप वेळ राहणारा. परतताना मिस्त्री गाडीत गाढ झोपले. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. चार यंत्रांची ऑर्डर दुसऱ्या दिवशी मिळाली.

विसरून गेलो असतो मी. पण मिस्त्री विसरले नाहीत.

परत आल्यावर वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. समुद्र, किल्ला, मठ हे सगळं दोन वाक्यांत उरकून ते त्या चिरोट्यावर यायचे. "आधी खाल्ला न्हाई मी. साहेबांनी विचारून खातरी केली, मग खाल्ला." हे वाक्य प्रत्येक वेळी असायचं. आमचा वेल्डर म्हणायचा, "मिस्त्री, तुमी ग्रीसला यंत्र बसवाया गेलता का जेवायला?" ते म्हणायचे, "यंत्र बसलं. चव हलंना मनातनं."

पुढच्या द्राक्षाच्या हंगामात त्यांनी घरच्या बागेतले घड आणून रस काढला, चुलीवर आटवला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, चिरोटे तळले. एक डबा माझ्यासाठी आला. मी खाल्ला. चांगला होता. ते माझ्या तोंडाकडं बघत उभे.

"जवळ आलीया. पर ती न्हाई. तुमाला आठवतंय न्हवं ती? काय कमी हाय?"

मी म्हणालो, "द्राक्षाची जात वेगळी असेल."

दर वर्षी डबा यायचा. एका वर्षी रस जास्त आटवला. एका वर्षी वेलदोडा. एका वर्षी त्यांनी दुसऱ्या गावाहून वेगळ्या जातीची द्राक्षं आणली, माझ्याच सांगण्यावरून. दर वर्षी तोच प्रश्न, काय कमी हाय? आणि काय कमी होतं ते जगात त्यांना सांगू शकणारा मी एकटा समोर बसून चावत असायचो.

सहाव्या वर्षी, मे महिन्यात, आम्ही दोघं जीपनं साताऱ्याला एका यंत्राच्या दुरुस्तीला निघालो होतो. उंब्रजला चहाला थांबलो. त्यांनी पिशवीतून डबा काढला. "ह्या टायमाला ओव्याचा फुलोरा टाकलाय. मला सारखं वाटतं, त्यात कसला तरी रानातला वास हुता. बगा खाऊन."

मी तुकडा तोंडात घातला. ओव्याच्या फुलांचा वास त्या मधाच्या वासाच्या अगदी दारापर्यंत गेला होता. सहा वर्षं हा माणूस आंधळ्यासारखा चाचपत तिथपर्यंत पोचला होता, आणि मी त्याला उभ्या आयुष्यात आत जाता येणार नाही अशा घराचा रस्ता शोधायला लावला होता. मी उरलेला तुकडा डब्यात परत ठेवला.

"मिस्त्री, ती काकवी नव्हती."

"मंग?"

"मध होता."

त्यांना पटकन उमगलं नाही. "कुणाचा मध?"

"त्या मावशीचा. घरामागं निळ्या पेट्या होत्या."

"बगितल्या हुत्या की. मला वाटलं कोंबड्यांच्या हायेत." ते किंचित हसले. मग हसू गेलं. "तुमाला कवा कळलं?"

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"तेव्हाच," मी म्हणालो.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उठले, हॉटेलच्या मागच्या नळाशी गेले आणि चूळ भरली. पुन्हा भरली. सहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या घासासाठी तो माणूस वाकून चुळा भरत होता, थांबतच नव्हता. हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडला, "पावणं, चहात माशी पडली का काय?"

"न्हाई न्हाई," मिस्त्री तोंड पुसत म्हणाले. "चहा बरा हाय."

साताऱ्याला पोचल्यावर त्यांनी आधी हत्यारांची पेटी उतरवली. दिवसभर काम केलं, नेहमीसारखं नीट. जेवले नाहीत. परत येताना कराड मागं पडलं तेव्हा बोलले.

"त्या बाईचा काय दोष न्हाई. तिनं मायेनं दिलं."

"दोष माझा आहे."

"खाल्लं त्याचं बी येवडं न्हाई, साहेब. नकळत झालं. त्याला आमच्यात उपास हाय, प्रायश्चित्त हाय." त्यांनी पायाशी ठेवलेली डब्याची पिशवी मागं सरकवली. "पर सा वर्सं मी त्याचीच आस धरली वो. बस्तीत देवापुढं पूजेला बसायचो तवा बी मनात तीच चव. जे वर्ज्य, त्याच्याच मागं लागलो, आणि घरच्या बाईला बी लावलं. ती आस कशी धुवायची?"

मी गाडी चालवत राहिलो. 

त्यानंतर त्यांनी माझ्याशी भांडण केलं नाही. अबोला धरला नाही. मला 'साहेब' म्हणणंही बदललं नाही. फक्त पंधरा दिवसांनी मिरजेला जाऊन चष्मा करून आणला. काळी दोरी लावलेला, गळ्यात अडकवलेला. मी सवयीनं व्हर्नियर उचलून माप वाचायला लागलो, तर त्यांनी हात पुढं केला. "आणा हिकडं. दिसतंय आता." उजेडाकडं तोंड करून स्वतः माप वाचलं, आणि लेथ सुरू केला. ते वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

त्याच वर्षीची गोष्ट. पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची सगळ्यांकडं क्षमा मागायची. मिस्त्री दर वर्षी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये प्रत्येकापुढं जाऊन हात जोडायचे, झाडूवाल्या बाईंपासून मालकांपर्यंत. वेल्डर दर वर्षी म्हणायचा, "माझा पाना नेलाय त्याची येगळी माफी मागा." त्या वर्षी ते माझ्या केबिनच्या दारात आले. मी वाटच बघत होतो. काय बोलायचं ते रात्रीपासून मनात जुळवलं होतं.

त्यांनी हात जोडले. "साहेब, मी तुमच्यावर मनात राग धरला. अजून बी थोडा हाय. त्याची क्षमा करा."

माझ्यावर राग धरल्याबद्दल ते माझी क्षमा मागत होते. मी उठलो, आणि टेबलावरचा फोन वाजला. मालकांचा होता. मी बोट वर करून 'एक मिनिट' अशी खूण केली. ते मिनिट सातआठ मिनिटांचं झालं. फोन ठेवून बाहेर आलो तर लेथ चालू होता आणि चष्म्याच्या काचेवर दिव्याचा उजेड पडला होता. चालू यंत्रावरच्या माणसाशी बोलू नये, हा आमच्याकडचा नियम. उद्या बोलू, असं मी ठरवलं. उद्या मालाची गाडी भरायची होती. दिवाळीला ते निवृत्त झाले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी बागेत पाणी सोडायला गेले आणि तिथंच बसले, उठले नाहीत. मला चार दिवसांनी कळलं.

मी त्यांच्या गावी गेलो. वहिनींनी सोप्यात बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी मनात जुळवलेलं सगळं घेऊन गेलो होतो, पण तिथं बसल्यावर लक्षात आलं की ते ऐकायचं ज्यांनी, ते नाहीत. वहिनींपुढं मी माझं ओझं उतरवायला आलो आहे, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेसं आहे. मी बागेचं विचारलं, मुलाच्या नोकरीचं विचारलं.

मग त्यांनीच विचारलं, "त्या बेटावर पुना जाणार व्हय, भाऊ?"

"हो. ऑगस्टात. यंत्रं जुनी झालीत, बघायला बोलावलंय."

"ते म्हातारबाबा हायेत?"

"आहेत. नव्वदीला आलेत. फोनवर दिसतात कधी कधी. विचारतात."

"त्यांस्नी कुणी सांगितलं न्हाई?"

"अजून नाही."

वहिनी कपात चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग तुमी समोर जाऊन सांगा. आणि भाऊ, त्यांना बरं वाटावं म्हणून कायतरी सांगू नगा. गेले म्हणावं."

आवाजात टोमणा नव्हता. चहात साखर किती, असं विचारावं तसं त्या बोलल्या. पण मला कळलं की मिस्त्रींनी घरी सगळं सांगितलं होतं. मी कप घेतला आणि म्हटलं, "नाही सांगणार, वहिनी."

पुढच्या महिन्यात निघायचं आहे. म्हातारबाबांचा नातू असेलच बरोबर, त्याला इंग्रजीत सांगितलं की तो आजोबांना सांगेल. पण ते मला करायचं नाही. माझ्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे आता मला कुणी नको आहे, आणि कुणाच्या मधे मीही नको आहे. 'तो गेला' याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मी शोधून काढलं आहे, देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे. सकाळी वर्कशॉप उघडल्यावर, कुणी यायच्या आत, लेथपाशी उभा राहून मी ते मोठ्यानं म्हणून बघतो.

शब्द दोनच आहेत. अजून जीभ अडखळते.